आधी ब्रेक, मग वेग

मंडळी, वॉनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये चाकांचे तीन सेट आहेत. पहिला उन्हाळ्याचा, दुसरा बर्फाचा. हे दोन तुमच्याकडेही असतीलच. तिसरा कशाला, असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मी "ट्रॅकचा" म्हणालो की पाहुणे चमकतात. "म्हणजे रेसिंग करता?" बायको चहाचा ट्रे ठेवता ठेवता परस्पर उत्तर देते, "रेसिंग कसलं हो, पैसे जाळायचा छंद!"

तिचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. मी जे करतो त्याला इथे लॅपिंग डे म्हणतात. ऑफिसला नेतो तीच सेकंडहँड सिव्हिक वर्षातून तीन-चार वेळा बंदिस्त ट्रॅकवर न्यायची, वीस-वीस मिनिटं चालवायची आणि त्याच गाडीने घरी परत यायचं. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही, फोटो छापून येत नाही. संध्याकाळी येताना दूध-ब्रेडसुद्धा त्याच गाडीतून आणतो.

यावर लेख लिहावा असं काही मनात नव्हतं. पण माझा भाचा शिकायला इकडे आला. वय वर्षं 19, डोळ्यात स्वप्नं, फोनमध्ये गाड्यांचे व्हिडिओ. एकदा जेवताना म्हणाला, "मामा, तुझी गाडी एकदा रात्री 400 वर काढू या ना. बारानंतर रस्ता मोकळाच असतो."

माझा घास हातातच राहिला. कारण हेच वाक्य, असंच, मी पुण्यात कॉलेजात असताना बोललो होतो. फक्त रस्ता पाषाणचा होता आणि गाड्यांना दोनच चाकं होती. त्या रात्री माझ्या शेजारून निघालेला मित्र वळणावर घसरला. पाय तीन ठिकाणी मोडला, त्याचं एक वर्ष वाया गेलं, आणि आजही तो जिना चढताना कठड्याला धरतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. "चल, लावू शर्यत" असं मीच म्हणालो होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

भाच्याला लेक्चर दिलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि बारा वाजता मित्राच्या गाडीत बसला असता. म्हणून त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

गावातून धावणाऱ्या गाड्या

आपल्यापैकी बहुतेकांनी न्यूयॉर्क राज्यातलं वॉटकिन्स ग्लेन पाहिलेलं असेल. धबधबे, घळई, दगडी पायऱ्या... भारतातून आई-बाबा आले की नायगारानंतर दोन-चार तास पुढे नेऊन दाखवायची जागा. त्या गावात 2 ऑक्टोबर 1948 रोजी मोटारींची शर्यत झाली. सुमारे साडेदहा किलोमीटरचा मार्ग सरळ गावच्या रस्त्यांवरून आणि आजूबाजूच्या टेकड्यांमधून जात होता. गाड्या पुष्कळशा लोकांच्या स्वतःच्या, एरवी रस्त्यावर चालणाऱ्या. प्रेक्षक फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर. जणू गणपतीची मिरवणूक बघायला उभे!

चार वर्षं हे चाललं. 1952 मध्ये एक गाडी कडेच्या गर्दीत घुसली आणि सात वर्षांचा एक मुलगा गेला. त्यानंतर मुख्य रस्त्यावरची शर्यत संपली. आधी ती गावाबाहेरच्या रस्त्यांवर गेली आणि 1956 मध्ये टेकडीवर खास शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त ट्रॅकवर. तो ट्रॅक आजही आहे.

म्हणजे ट्रॅक ही श्रीमंतांची चैन म्हणून जन्माला आली असं आपल्याला वाटतं, ते अर्धंच खरं. लोकांच्या पोरांच्या अंगावर गाडी जाऊ नये, यासाठी वेगाला वेगळी जागा करून द्यावी लागली, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

विमानांनी सोडलेली मैदानं

आता गंमत बघा. ज्या दिवशी वॉटकिन्स ग्लेनच्या रस्त्यांवर गाड्या धावत होत्या, त्याच दिवशी, 2 ऑक्टोबर 1948 लाच, इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला पहिली मोठी ग्रां प्री झाली. (गांधीजींच्या पश्चात आलेली ती पहिली गांधी जयंती.) पण सिल्व्हरस्टोन हे गाव नव्हे, महायुद्धात बॉम्बर विमानांसाठी बांधलेला विमानतळ होता. युद्ध संपलं, विमानं गेली, सिमेंटच्या धावपट्ट्या उरल्या. शर्यतवाल्यांना आणखी काय हवं?

हीच गोष्ट जगभर झाली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी होती, तिथे 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे अनेक वर्षं शर्यती भरवल्या. आणि इथे ऑन्टारिओत? युद्धात कॅनडाने राष्ट्रकुलातल्या वैमानिकांना शिकवण्याची प्रचंड योजना राबवली होती, त्यामुळे शेतांमधून जागोजागी धावपट्ट्या पसरलेल्या होत्या. कॅम्प बोर्डनजवळच्या एडनवेलला 1950 च्या दशकात शर्यती होऊ लागल्या. वसागा बीचला जाताना आपण त्याच्या आसपासूनच जातो. त्यानंतर जार्व्हिस गावाजवळ, जिथे बॉम्ब टाकण्याचं आणि मशीनगन चालवण्याचं शिक्षण देत, त्या तळावर हेअरवुड एकर्स नावाचा ट्रॅक 1956 पासून 1970 पर्यंत चालला.

या सगळ्यामागे होती हौशी मंडळी. त्यातला महत्त्वाचा क्लब म्हणजे ब्रिटिश एम्पायर मोटर क्लब. 1928 साली टोरोंटोत, ब्रिटनहून स्थलांतरित झालेल्या काही मोटरसायकलवेड्यांनी तो सुरू केला. युद्धानंतर ते मोटारींकडे वळले. परक्या देशात आलेली माणसं, आठवडाभर नोकरी, आणि रविवारी आपल्या आवडीचं काहीतरी करायला एकत्र यायचं, वर्गणी काढायची, समिती करायची, समितीत भांडायचं... ओळखीचं वाटतंय ना? आपल्या मंडळाचीच गोष्ट, फक्त पुरणपोळीच्या जागी पिस्टन!

त्या काळची पद्धत सोपी होती. सकाळी स्वतःची गाडी चालवत विमानतळावर जायचं. स्टेपनी, जॅक, सीटखालची छत्री असं सगळं सुटं सामान बाहेर काढायचं, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावायच्या, दारावर नंबर लावायचा आणि धावायचं. संध्याकाळी पट्ट्या काढून घरी. सोमवारी तीच गाडी ऑफिसला.

मोस्पोर्ट

उसनी मैदानं किती दिवस पुरणार? क्लबने स्वतःचा ट्रॅक बांधायचं ठरवलं. क्लबच्या आवाक्याबाहेरचं काम, म्हणून पुढे वेगळी कंपनी उभी राहिली. बोमनव्हिलच्या उत्तरेला उंचसखल जमीन घेतली आणि 1961 मध्ये ट्रॅक सुरू झाला. 'मोटर' आणि 'स्पोर्ट' हे शब्द जोडून नाव पडलं मोस्पोर्ट. लांबी 3.957 किलोमीटर, दहा वळणं. 2012 साली या जागेला कॅनेडियन टायरचं नाव लागलं. म्हणजे आपण जिथून बर्फाचं फावडं आणतो तेच! पण जुनी मंडळी मोस्पोर्टच म्हणतात. वॉनहून 407 धरली की तासाभरात पोचता येतं. (टोलचं बिल बायकोच्या आधी उघडावं.)

जून 1961 मध्ये इथे झालेली 'प्लेअर्स 200' ही पहिली मोठी शर्यत इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस जिंकला. त्याआधी, ट्रॅकचा आराखडा होत असताना, पाचवं वळण साधं ठेवू नका, एकामागे एक अशी दोन वळणं करा, असं त्यानेच सुचवलं होतं. म्हणून ते आजही मॉस कॉर्नर म्हणून ओळखलं जातं. 1967 साली, कॅनडाच्या शताब्दी वर्षात, याच ट्रॅकवर कॅनडाची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि पावसात जॅक ब्रॅबहॅम जिंकला. 1977 पर्यंत इथे आठ फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. त्यानंतर सुरक्षिततेचे प्रश्न उभे राहिले आणि 1978 पासून ती शर्यत मॉन्ट्रियलला गेली.

मॉस कॉर्नरला काय झालं

माझी पहिली मोस्पोर्टवारी मला आयुष्यभर लक्षात राहील. गाडीला नवे टायर घातले होते, एअर फिल्टर बदलला होता, आवाजासाठी सायलेन्सरवर खर्च केला होता. दुसऱ्या सेशनला मॉस कॉर्नरच्या आधी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. पेडल स्पंजासारखं! दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. गाडीला ओरखडाही नाही, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते.

कारण अगदी साधं होतं. ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललं नव्हतं. दोष पूर्णपणे माझा.

इंजिनिअर असल्यामुळे घरी येऊन गणित मांडलं. माझी गाडी माझ्यासकट सुमारे 1300 किलो धरा. ताशी 160 वरून 80 वर आणायची तर जवळजवळ 960 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी वारा खातो, बाकी ब्रेक. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ तीन लिटर नळाचं पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता, तीही काही सेकंदांत. प्रत्येक फेरीत असे अनेक ब्रेक, आणि वीस मिनिटांत आठ-दहा फेऱ्या. वर वेगाचा वर्ग होतो हे शाळेतच शिकलो होतो: वेग दुप्पट, तर उष्णता चौपट.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शिरला की तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची 230 आणि 155. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी पुढे.

आणि योगायोग बघा. डिस्क ब्रेक लावलेल्या गाडीने शर्यत जिंकल्याचं पहिलं उदाहरण 1952 सालचं, फ्रान्समधल्या रीम्सचं. गाडी जॅग्वार, चालक तोच स्टर्लिंग मॉस. पुढच्या वर्षी तशाच ब्रेकच्या जॅग्वारने ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. जुने ड्रम ब्रेक तापून ढिले पडत, डिस्क उघड्या हवेत थंड होत. आज तुमच्या-माझ्या गाडीत, अगदी भारतातल्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांतसुद्धा, डिस्क असते. शर्यतीने सामान्य माणसाला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी आधी इंजिनाचं नाव घेणार नाही, ब्रेकचं घेईन.

एका छुप्या कोडची कहाणी

हाच धडा एका अवाढव्य कंपनीलाही शिकावा लागला, आणि त्यात कॅनडाचा वाटा आहे. 1986 मध्ये इथे जनरल मोटर्सच्या कमॅरो आणि फायरबर्ड या गाड्यांची 'प्लेअर्स चॅलेंज' मालिका सुरू झाली. गाड्या शोरूममध्ये मिळतात तशाच. जे कारखान्यात बसवलेलं नाही, ते बसवायचं नाही. पुढे मोठं नाव कमावलेला आणि 2011 मध्ये मोस्पोर्टचा सहमालक झालेला रॉन फेलोज याच मालिकेत धावला.

इंजिन दणकट होतं, पण गाडी जड आणि ब्रेक छोटे. शर्यतीत ते टिकेनात. अमेरिकेतल्या तशाच शर्यतींतही हीच रड. नियमाप्रमाणे बाहेरून मोठे ब्रेक लावता येत नाहीत, मग ते कारखान्यातच लावायला हवेत! म्हणून 1LE नावाचा एक ऑर्डर कोड तयार झाला. त्यात मोठ्या डिस्क होत्या, ॲल्युमिनियमचे कॅलिपर होते, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन उपाशी राहू नये म्हणून आत आडोसे असलेली टाकी होती. त्याचा गाजावाजा नव्हता. परफॉर्मन्स पॅकेज घेऊन एअर कंडिशनर नको म्हणणाऱ्याला ते मिळे. 1989 साली अशा फक्त 111 गाड्या बनल्या.

ध्यानात घ्या, या कोडने इंजिनाची ताकद वाढत नव्हती. गाडी जलद झाली ती थांबता येऊ लागलं म्हणून! ज्याला थांबता येतं तो वळणापर्यंत निर्धास्त वेगात जाऊ शकतो. मी मात्र सायलेन्सरवर खर्च करून आलो होतो.

रोजची गाडी, रविवारची तयारी

तेव्हापासून माझी यादी ठरलेली आहे. ब्रेक ऑइल दर मोसमाच्या सुरुवातीला बदलायचं. ट्रॅकचे ब्रेक पॅड वेगळे असतात. ते तापल्यावर पकडतात, पण जानेवारीत उणे वीसमध्ये सकाळी पहिल्या सिग्नलला पकडतील याचा भरवसा नाही, म्हणून आदल्या दिवशी बसवायचे आणि आल्यावर काढायचे. टायरमधली हवा थंड असताना 32 असेल तर काही फेऱ्यांत 38-40 होते, म्हणून कमी भरून सुरुवात करायची आणि प्रत्येक सेशननंतर मोजायची. अलाइनमेंट करताना चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवतात, म्हणजे वळणावर टायर रस्त्याला सपाट टेकतो. फार झुकवलीत तर रोजच्या 400 वरच्या प्रवासात टायरची आतली कड खलास. शेवटची फेरी सावकाश मारायची, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात.

ट्रॅकवर जाण्याआधी तपासणीची रांग असते. बॅटरी घट्ट आहे का, ब्रेकचे दिवे लागतात का, तेल गळतंय का, चाकांचे नट आवळलेत का. हेल्मेट स्नेल संस्थेच्या प्रमाणाचं लागतं. त्या नावामागेही एक माणूस आहे: पीट स्नेल, हौशी शर्यतपटू, 1956 मध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी हेल्मेटची चाचणी घेणारी संस्था काढली. नियमांच्या यादीतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जिवावर लिहिली गेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये चेकलिस्ट चुकली तर रात्री फोन येतो. इथे फोन घरच्यांना जातो.

आणि आपला रस्ता

रस्त्यावर यातलं काहीच नसतं. रांग नाही, तपासणारा नाही, समोरून येणाऱ्याने काही कबूल केलेलं नाही. जानेवारी 2006 मध्ये टोरोंटोत दोन मुलांच्या शर्यतीत एक टॅक्सीचालक गेला. पाकिस्तानातून आलेला, नागरिकत्वाची शपथ अवघ्या काही दिवसांवर. ऑन्टारिओने 30 सप्टेंबर 2007 पासून कडक कायदा आणला: मर्यादेपेक्षा ताशी 50 ने जास्त गेलात तर गाडी आणि लायसन्स जागच्या जागी जप्त, दंड 2,000 ते 10,000 डॉलर. 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. 80 पेक्षा कमी मर्यादेच्या रस्त्यावर 40 ने जास्त गेलं तरी पुरे, लायसन्स 30 दिवस आणि गाडी 14 दिवस जप्त.

पण कायदा आधीच झालेला असूनही, मे 2021 मध्ये आपल्या वॉनमध्येच, घरासमोर असलेली दोन भावंडं गेली. बहीण दहा वर्षांची, भाऊ चार. गाडी चालवणारा सोळा वर्षांचा होता. वॉटकिन्स ग्लेनला सात वर्षांचा मुलगा गेला त्याला तेव्हा एकोणसत्तर वर्षं झाली होती.

ट्रॅक म्हणजे सुरक्षित असा गैरसमज नको. तिथेही धोका आहे, आणि ऑन्टारिओच्या साध्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. जायच्या आधी पॉलिसी वाचा. पण तिथे धोका पत्करतो तो ज्याने फॉर्मवर सही केली आहे तो. ड्राइव्हवेमध्ये खेळणाऱ्या पोराने सही केलेली नसते.

भाच्याने विचारलं, "मग आपल्याकडे पोरांनी कुठे जायचं?" आता जागा आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. आपल्या चाकणला त्या काळी बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचीच शर्यत 2010 पासून भारतात सुरू झाली, आणि लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर लोक स्वतःच्या गाड्या घेऊन सरळ रेषेतल्या शर्यतीला गेले आहेत. पुन्हा धावपट्टीच! आमच्या वेळी हे माहीत असतं तर... असो.

यंदाच्या उन्हाळ्यात भाचा माझ्याबरोबर मोस्पोर्टला आला. मी अट घातली होती: गाडी चालवायची नाही, फक्त टॉर्क पाना हातात घ्यायचा. सिव्हिकचा आकडा 80 फूट-पाउंड. चाकं मी लावायची, तपासायची त्याने. सकाळी तो कंटाळलेल्या चेहऱ्याने एकेका नटावर पाना ठेवत होता, खट् आवाज ऐकत होता. मी ऑफिसच्या फोनवर. तेवढ्यात म्हणाला, "मामा, मागच्या डाव्या चाकाचा एक नट हातानेच फिरतोय."

मी आवळायचा विसरलो होतो.

त्याने तो आवळला, मग उरलेले सगळे पुन्हा एकदा तपासले. मी सांगितलं नव्हतं. रात्री 400 चा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. पुढच्या मोसमासाठी तो हेल्मेटचे पैसे साठवतोय.

दिवाळी आणि बर्फाची चाकं आपल्याकडे एकदमच येतात. चाकं बदलून शंभर किलोमीटर झाले की नट एकदा पुन्हा तपासून घ्या. सर्वांना शुभ दीपावली!